चेंडू चालतो, कप चालत नाही

पुण्यात गोऱ्या साहेबांचा एक क्लब होता, पूना जिमखाना. १८९२ च्या सुमाराला तिथं सोळा वर्षांचा एक मुलगा कामाला लागला. पगार महिना चार रुपये. काम काय, तर खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, रेघा आखायच्या, सरावाच्या जाळ्या उभ्या करायच्या, अधूनमधून टेनिसची कोर्टंही आखून द्यायची. त्याआधी तो पारशी मंडळींच्या एका क्लबात होता, तिथं तीन रुपये मिळत. म्हणजे एका रुपयाची बढती झाली म्हणायची. या मुलाचं नाव पालवणकर बाळू. घराण्याचं मूळ गाव कोकणातलं पालवण, जन्म १८७६ मध्ये धारवाडला, वडील लष्करात नोकरीला, आणि जात चांभार.

जात मी सुरुवातीलाच सांगून टाकली, कारण बाळूंच्या बाबतीत इतरांनीही ती नेहमी सुरुवातीलाच विचारली. त्यांनी किती बळी घेतले हे नंतर.

मंडळी, नेमक्या याच दिवसांत सातासमुद्रापलीकडे आणखी एका खेळाचा जन्म होत होता. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं व्यायामशाळेच्या सज्जाला फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि हिवाळ्यात कंटाळलेल्या पोरांच्या हाती एक चेंडू दिला. तो बास्केटबॉल. पुढं या खेळात अमेरिकेतल्या काळ्या तरुणांनी असं काही प्राण ओतलं, की वंश, खेळातली ईर्षा आणि मैदानावर स्वतःला व्यक्त करण्याची तहान या तिन्ही गोष्टी एकत्र बघायच्या तर तिकडचे लोक बास्केटबॉलकडेच बोट दाखवतात. दुसऱ्या कुठल्याही कचेरीत, शाळेत, वस्तीत जे बोलता येत नव्हतं, ते तो काळा मुलगा दहा फुटांवरच्या त्या कड्याशी झेपावून बोलत होता.

माझा आजचा विषय हाच आहे. फक्त तो मी अमेरिकेकडून न सांगता चार रुपये पगाराच्या त्या मुलाकडून सांगणार आहे. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनीच १९३६ मध्ये स्पष्ट मांडलं आहे, आणि ते मला मान्य आहे. पण मैदानावर कुणाला काय करू द्यायचं आणि कुठं थांबवायचं, याचे नियम दोन्हीकडे इतके सारखे निघतात की एक गोष्ट वाचताना दुसरी आठवल्याशिवाय राहत नाही.

तर पूना जिमखाना. साहेब लोक सरावाला येत, तेव्हा त्यांना चेंडू टाकायला कुणीतरी लागे. एकदा बाळूंच्या हाती चेंडू आला. डावखुरा हात, मंद गती, आणि चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची करामत. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम आधीपासून खेळत होतेच. आता तासन् तास सराव मिळू लागला, तोही हिंदुस्थानातल्या उत्तम फलंदाजांसमोर. त्यांत कॅप्टन ग्रेग हे सगळ्यांत नामांकित. ते इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि एकट्या बाळूंची गोलंदाजी खेळत. प्रत्येक वेळी आपल्याला बाद केलं की ग्रेग त्यांना आठ आणे देत, अशी एक गोष्ट सांगतात. चार रुपये पगाराच्या माणसाला महिन्यात आठ वेळा ग्रेगसाहेब सापडले, तरी पगार दुप्पट! (हेच ग्रेगसाहेब उतारवयात कॅथलिक धर्मगुरू झाले. माणसांचे मार्ग कुठून कुठं जातात बघा.)

पण एक गोष्ट त्या सरावात घडली नाही. पूना जिमखान्याच्या जाळीत बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही.

मी शहापूर तालुक्यातल्या आटगावचा. शाळेत इतिहास शिकवला. एकदा नववीच्या वर्गात बाळूंची ही गोष्ट सांगत होतो. शेवटच्या बाकावरचा एक ठाकरवाडीतला मुलगा, एरवी तोंडातून शब्द न काढणारा, मध्येच म्हणाला, "पण सर, बॅटिंग कधी दिली त्याला?"

प्रश्न साधा वाटतो, पण तोच खरा आहे. त्या काळात फलंदाजी हा मालकाचा मान होता आणि गोलंदाजी हे नोकराचं काम. उन्हात धावायचं, घाम गाळायचा, चेंडू परत आणायचा, हे कष्ट. आणि टोपी घालून ऐटीत उभं राहून चेंडू सीमेपार धाडायचा, ही कला. इंग्रजांनी हा भेद आपल्या देशातून आणला आणि आपल्याकडच्या राजेमहाराजांनी तो आनंदानं उचलला. आजही आटगाव-खर्डीकडं किंवा मुरबाडच्या बाजूला जाऊन बघा. भाताची कापणी झाली, शेतं कोरडी पडली, की टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने सुरू होतात. लाऊडस्पीकर, पताका, टेबलावर मांडलेले चषक, पाच-सहा षटकांचा डाव. संघ गावाचा नाहीतर पाड्याचा. ज्याची बॅट त्याची फलंदाजी पहिली, हा अलिखित नियम. बॅट ज्याच्या घरी, त्याच्याकडं शेतही असतं, बहुधा मोटरसायकलही असते. आणि जोरात चेंडू टाकायला, लांबून अचूक फेक करायला कातकरवाडीतला एखादा पोरगा बोलावलेला असतो. त्या पोराचा नंबर शेवटून दुसरा.

तोही कधी असतो, तर सामने दिवाळीच्या आधी असले तर. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परत येतात. सामन्यांचा हंगाम आणि भट्टीचा हंगाम एकच. तालुक्यातले काही उत्तम हात असे दरवर्षी मातीच्या गाऱ्यात असतात, आणि लाऊडस्पीकरवर "उत्कृष्ट गोलंदाज" म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं जातं.

पण बाळूंकडं परत येतो.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्रिकेट क्लबाला गोऱ्यांच्या पूना जिमखान्याला हरवायचं होतं. आणि गोऱ्यांच्याच मैदानावर रूळ फिरवणारा माणूस हा शहरातला सगळ्यांत चांगला गोलंदाज होता, हे सर्वांना ठाऊक होतं. घ्यायचा की नाही? क्लबात वाद झाला. काही तेलुगू सभासद अनुकूल, पुण्याचे ब्राह्मण सभासद नाराज. यावर खुद्द ग्रेगसाहेबांनी, बाळूसारखा गोलंदाज बाहेर ठेवला तर हिंदू मूर्ख ठरतील अशा अर्थाचं मत जाहीरपणे दिलं, असं सांगतात. अखेर जिंकण्याची इच्छा सोवळ्यावर मात करून गेली. बाळू संघात आले.

आता मैदानावरचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. बाळूंनी टाकलेला चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षक पकडतो आहे, दुसऱ्याकडं फेकतो आहे, तो परत बाळूंच्या हाती येतो आहे. एकच चेंडू अकरा जणांच्या हातांतून फिरतो आहे आणि कुणालाही विटाळ होत नाही. मग चहाची वेळ होते. सगळे तंबूत जातात आणि चिनी मातीच्या पांढऱ्या कपांतून चहा घेतात. बाळू तंबूबाहेर. त्यांचा चहा मातीच्या भांड्यातून, प्यायचा आणि फेकून द्यायचा. हातपाय धुवायचे तर एक अस्पृश्य नोकर किटलीत पाणी घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात येणार. जेवणाचं ताट वेगळं, टेबल वेगळं. चेंडू चालत होता, कप चालत नव्हता.

कातड्याचा चेंडू, बरं का. ते कातडं कुणी कमावलं, कुणी शिवलं, हा प्रश्न तंबूतल्या कुणाला पडल्याचं दिसत नाही.

त्या संघानं पूना जिमखान्याला हरवलं. मग साताऱ्याला गेले. तिथल्या गोऱ्यांनी फिरकी चालू नये म्हणून खेळपट्टी घोटून घोटून तयार केली होती म्हणे, तरी बाळूंनी सात बळी घेतले. पुण्यात परतल्यावर सत्कार झाला, आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी बाळूंच्या गळ्यात हार घातला, अशी नोंद आहे. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्याला हरकत कसली, असं रानडे त्या निमित्तानं म्हणाले. टिळकांनीही बाळूंचं कौतुक केलं. पुण्याच्या सुधारकांत आणि त्यांच्या विरोधकांत एकमत होण्याचे प्रसंग थोडे. एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या बाबतीत ते झालं, हे मला फार गमतीचं वाटतं.

पुढं १८९६ मध्ये प्लेग आला आणि पुण्या-मुंबईची आयुष्यं उलटीपालटी झाली. बाळू मुंबईला आले. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात प्रवेश. हा प्रवेशही सहज मिळाला नाही, तिथल्या कप्तानाला आग्रह धरावा लागला. मग फेब्रुवारी १९०६ उजाडला. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले, आणि शिवरामही त्या संघात होते. बंगालच्या फाळणीला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते, स्वदेशीची हवा तापलेली होती. राज्य करणाऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवलं, याचा आनंद केवढा झाला असेल याची कल्पना करता येते.

१९११ साली हिंदुस्थानचा पहिला प्रातिनिधिक संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. ते थोडेच सामने खेळले, त्यांना इतर बरेच कार्यक्रम होते. संघाची कामगिरी बेताची झाली. चौदा प्रथम श्रेणी सामन्यांत दोनच विजय. पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले, सरासरी १९ धावांच्या आत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी. बाळूंची प्रथम श्रेणीतली सगळी कारकीर्द ३३ सामन्यांची, १७९ बळींची, सरासरी १५.२१. यातला पहिला सामना त्यांनी खेळला तेव्हा ते तिशीला टेकले होते. त्याआधीची दहा-बारा वर्षं, म्हणजे गोलंदाजाच्या ऐन भराचा काळ, कुठल्याही पुस्तकात मोजला गेलेला नाही.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजानं बाळूंचा सत्कार केला. त्या समारंभाच्या मानपत्रात वीस वर्षांच्या एका कॉलेज विद्यार्थ्याचा हात होता, असं चरित्रकार सांगतात. त्या विद्यार्थ्याचं नाव भीमराव आंबेडकर.

इथं जरा थांबून एका चित्रपटाविषयी बोलतो. २००१ साली 'लगान' आला. त्यात कचरा नावाचा अस्पृश्य फिरकी गोलंदाज आहे आणि बाळूंची आठवण तेव्हा बऱ्याच जणांनी काढली. मला 'लगान' आवडतो. पण दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे, कचराला संघात घेण्यासाठी नायकाचं एक जोरदार भाषण पुरतं आणि गाव सुधारतं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कचराचा चेंडू वळतो तो त्याच्या अधू हातामुळं. म्हणजे ती त्याची विद्या नव्हे, ते देवाचं देणं. बाळूंचा चेंडू वळत होता तो वर्षानुवर्षं जाळीत केलेल्या घोटाईमुळं. समोरच्याचा पाय कुठं पडतो, वारा कुठून आहे, खेळपट्टीचा कुठला तुकडा कोरडा आहे, हे वाचण्याच्या बुद्धीमुळं. आणि खेळपट्टी वाचणं त्यांना कुणी शिकवलं? त्यांच्या हातातल्या रुळानंच ना!

बास्केटबॉलमध्ये काळ्या खेळाडूंच्या वाट्याला नेमकं हेच आलं. ते उंच उडतात कारण त्यांचं शरीरच तसं, ही 'नैसर्गिक देणगी'. डोकं मात्र गोऱ्या प्रशिक्षकाचं. आणि एखाद्याची देणगी फारच डोळ्यांत भरायला लागली तर नियम बदलायचे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलनं १९६७ मध्ये 'डंक', म्हणजे उडी मारून चेंडू वरून कड्यात ठासणं, यावर बंदीच घातली. ल्यू अल्सिंडर नावाचा सात फुटांहून उंच खेळाडू तेव्हा गाजत होता. पुढं तो करीम अब्दुल जब्बार या नावानं प्रसिद्ध झाला. बंदी १९७६ पर्यंत टिकली. अल्सिंडरनं काय केलं, तर लांबून हात वर नेऊन गोलाकार फेकीनं चेंडू टाकण्याची स्वतःची लकब इतकी घोटली की ती कुणाला अडवता येईना. साताऱ्याच्या घोटलेल्या खेळपट्टीवरचे सात बळी मला इथं आठवतात.

आता प्रश्न कप्तानपदाचा. संघात घेणं वेगळं आणि संघ हाती देणं वेगळं. गोलंदाजाला कप्तान सांगतो कधी टाकायचं, कुणाला टाकायचं. कप्तान अस्पृश्य असला तर ब्राह्मण खेळाडूला त्यानं "तू तिकडं उभा राहा" असं सांगायचं आणि त्यानं जाऊन उभं राहायचं. हा विटाळ कपाच्या विटाळाहून मोठा.

बाळू कितीतरी वर्षं हिंदू संघाचे सर्वांत अनुभवी खेळाडू होते. चौरंगी सामने १९१२ मध्ये सुरू झाले, हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा चार संघांचे. संघ धर्मावर आणि वंशावर पाडलेले, हा आणखी एक विरोधाभास. गोऱ्यांना हरवायचं म्हणून हिंदूंना बाळू हवे होते, आणि बाळू 'हिंदू' आहेत हे कबूल करणं त्याच हिंदूंना तंबूत जड जात होतं. १९१३ मध्ये एम. डी. पै कप्तान झाले. पै भले गृहस्थ. हा मान ज्येष्ठतेनं बाळूंचा होता, असं त्यांनी सत्काराच्या भाषणात स्वतः सांगितलं. टाळ्या झाल्या असतील. कप्तान पैच राहिले.

इथपर्यंतची गोष्ट अशी की, खेळाडूनं उत्तम खेळायचं आणि उदार माणसांनी एकेक दार किलकिलं करायचं. गेली शंभर वर्षं आपण ती अशीच सांगत आलो. ग्रेगसाहेब उदार, रानडे उदार, पै उदार. पण १९२० साली जे घडलं ते या सांगण्यात बसत नाही, म्हणून बहुधा गाळलं जातं.

त्या वर्षी चौरंगी सामन्यांसाठी हिंदू संघ निवडला. पै आजारी, पहिल्या सामन्यात खेळू शकत नव्हते. बाळूंना वय झालं म्हणून वगळलं. शिवराम आणि सर्वांत धाकटे भाऊ विठ्ठल संघात होते, दोघेही ज्येष्ठ. पण मुसलमानांविरुद्धच्या सामन्याचं कप्तानपद दिलं गेलं पुण्याच्या दि. ब. देवधरांना. हेच आपले प्रोफेसर देवधर, ज्यांच्या नावानं पुढं करंडक सुरू झाला. देवधर थोर फलंदाज, यात वाद नाही, पण तेव्हा ते पालवणकर बंधूंपेक्षा पुष्कळच नवखे होते. शिवराम आणि विठ्ठल यांनी काय केलं? खेळायला नकार दिला. नुसता नकार नाही. निवेदन काढून वर्तमानपत्रात दिलं. आमची पात्रता खेळावर नव्हे, जन्मावर मोजली गेली, असा त्याचा रोख होता.

हे वर्ष लक्षात घ्या. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला होता. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, शाहू महाराज तिथं हजर होते. डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि अस्पृश्यता निवारणाचा विषय गांधीजींनी पुढं आणला. आणि याच सुमाराला मुंबईच्या मैदानावर दोन भाऊ पांढरे कपडे न घालता घरी बसले.

परिणाम? मोठा गदारोळ झाला. पारश्यांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै कप्तान म्हणून परतले, शिवराम आणि विठ्ठल संघात आले, आणि 'वय झालेले' बाळू नुसते संघात परतले नाहीत तर उपकप्तान झाले. सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदू संघाची सूत्रं बाळूंच्या हाती आली. चव्वेचाळिसाव्या वर्षी, एवढ्याच थोड्या वेळापुरती.

माझं मत असं की, पंचवीस वर्षांच्या बळींनी जे झालं नाही ते एका नकारानं झालं. अर्थात त्या बळींशिवाय नकाराला किंमत आली नसती हेही खरं. ज्याची संघाला गरज नाही, त्याच्या न खेळण्याकडं कोण बघणार? पण मैदानावरच्या अभिव्यक्तीचं आपण जेव्हा कौतुक करतो, तेव्हा फटके आणि बळी यांच्याबरोबर त्या दिवशी मैदानाबाहेर राहणंही मोजायला हवं. विठ्ठल आणि शिवराम यांनी त्या आठवड्यात जे सांगितलं, ते त्यांना बॅटनं सांगता आलं नसतं.

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली, आणि प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर उचललं. त्या खांद्यांत सगळ्या जातींचे खांदे होते. १९०६ च्या त्या विजयापासून सतरा वर्षं. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेत पहिला काळा खेळाडू, अर्ल लॉइड, १९५० मध्ये मैदानात उतरला, आणि संपूर्ण संघ हाती मिळालेला पहिला काळा प्रशिक्षक, बॉस्टनचा बिल रसेल, १९६६ मध्ये नेमला गेला. सोळा वर्षं. दोन देश, दोन खेळ, दोन वेगळ्या विषमता. तरी 'ये, खेळ' आणि 'ये, सांग' यांच्यामधलं अंतर जवळजवळ सारखंच निघालं.

आणि त्या नववीतल्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तरही इथं आहे. विठ्ठल हे गोलंदाज नव्हते. ते फलंदाज होते, हिंदू संघाच्या उत्तम फलंदाजांपैकी एक. शिवरामही बॅट चालवत, १९११ च्या दौऱ्यात सॉमरसेटविरुद्ध त्यांनी शतक काढलं. थोरल्या भावाला जी बॅट पुण्याच्या जाळीत मिळाली नाही, ती धाकट्यांच्या हाती आली. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा तो मुलगा काही बोलला नाही. पण शेजारचा म्हणाला, "म्हणजे सर, घरात दोघं-तिघं पाहिजेत." पोरं हिशेब चटकन करतात.

बाळूंचं पुढचं आयुष्य राजकारणात गेलं आणि तिथं गोष्ट सोपी राहिली नाही. ज्या आंबेडकरांना बाळूंचा एके काळी अभिमान होता, त्यांच्या आणि बाळूंच्या वाटा वेगळ्या झाल्या. बाळू गांधीजींच्या बाजूचे. सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसनं बाबासाहेबांच्या विरोधात बाळूंना उभं केलं. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. या निवडणुकीमुळं बाळूंचं नाव एका मोठ्या समाजाच्या आठवणीतून मागं पडलं, आणि ज्यांच्यासाठी ते उभे राहिले त्या पक्षानंही ते फारसं जपलं नाही. एखाद्या माणसाला दोन्ही बाजूंनी विसरणं असं होतं. मला यात बाळूंना दोष द्यावासा वाटत नाही. मैदानावर त्यांनी आयुष्यभर असं पाहिलं होतं की, समोरच्याला जिंकायची गरज असली तर तो दार उघडतो. त्या अनुभवावर त्यांनी विश्वास टाकला. बाबासाहेबांचा अनुभव वेगळा होता. महाडला १९२७ मध्ये पाण्यासाठी चालत जावं लागलं, तिथं कुणाला कुणाकडून सामना जिंकायचा नव्हता.

विठ्ठलनी आपलं आत्मचरित्र मराठीत लिहिलं, 'माझे क्रीडाजीवन'. ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर चौरंगीचे झालेले पंचरंगी सामनेही १९४६ मध्ये कायमचे बंद पडले होते. रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये हिंदुस्थानी क्रिकेटचा इंग्रजी इतिहास लिहिला, त्यात पालवणकर बंधूंना मानाची जागा दिली, आणि विठ्ठलंचं मराठी पुस्तक त्यांना फार उपयोगी पडलं. म्हणजे आपल्याच भाषेतलं पुस्तक आपल्याला इंग्रजीतून परत कळलं.

बाळू जुलै १९५५ मध्ये वारले. मुंबईत प्रभादेवीला वीर सावरकर मार्गापासून आत जाणारा एक रस्ता आहे, पी. बाळू मार्ग. पाटीवर एवढंच लिहिलेलं असतं. आटगावहून कसाऱ्याच्या लोकलनं दादरला उतरलं, तर तिथून तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे.